तुम्ही अध्यक्ष होतात, आक्का

आक्का, तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या काही दिवस आधी तुमच्या प्रकाशचा दौंडहून फोन आला. मांडवात लावायला त्याला आईचा चांगला फोटो हवा होता. "घरात मतदान कार्डावरचा तेवढा हाय. त्यात ती वळखूच येत न्हाई. तुमच्याकडं संस्थेचे आसतील ना, मावशी? एवढी वर्षं अध्यक्ष व्हती ती."

बघते, म्हणाले. खरं तर बघायचं काही नव्हतं. तुमचा एक फोटो माझ्या कपाटात आहे. रंगीत, मोठा, गुळगुळीत कागदावर छापलेला. तुमचे डोळे त्यात इतके स्वच्छ आलेत की आत्ता काहीतरी बोलाल असं वाटतं. तो मी काढला नाही. प्रकाशला नाही म्हणून कळवलं. मग त्यानं मतदान कार्डावरचाच मोठा करून आणला. मांडवात हाराखाली तुमचा चेहरा धुरकट दिसत होता आणि माणसं पाया पडताना जरा थबकत होती. मी पुढच्या रांगेत बसले होते. मला वर बघवत नव्हतं.

आपण दोघी त्या फोटोबद्दल कधी बोललो नाही. आता बोलायचं तर मला एकटीलाच बोलायला लागणार.

तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात त्या शिरूरच्या मार्केट यार्डात. लग्न होऊन मी भांडगावहून शिरूरला आले होते, यजमान शाळेत शिक्षक, आणि मला घरात बसून कंटाळा यायचा. कांदे आणायला गेले तर शेडमध्ये बायका ढिगाला बसून कांदा निवडत होत्या. कांद्याच्या सालपटांत सगळ्यांच्या साड्या माखलेल्या, आणि त्यांच्या एका बाजूला तुम्ही, इस्त्रीची सुती साडी नेसून, पोत्याच्या झोळीत दोन आणि मांडीवर एक अशी पोरं सांभाळत बसलेल्या. मी थांबून बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "जयभीम ताई. कांदं तिकडं हायेत. हितं पोरं हायेत."

मग कळलं की तुम्ही स्वतः निवडायला यायचात, पण एका बाईचं तान्हं पोत्यांच्या थप्पीखाली सापडता सापडता वाचलं, तेव्हापासून तुम्ही निवडणं सोडून पोरं धरायला लागलात. बायका आपल्या रोजातून तुम्हाला थोडं थोडं द्यायच्या. इस्त्रीचं विचारलं तर म्हणालात, मालक रेल्वेत खलाशी होते, त्यांचा ड्रेस करता करता हात बसला. मालक गेले, हात राहिला.

तिथून आपलं पाळणाघर उभं राहिलं. यार्डामागं एक पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. रांजणगावला कारखाने यायला लागले तशा कॅन्टीनला, पॅकिंगला, साफसफाईला जाणाऱ्या बायका सकाळच्या शिफ्टच्या गाडीआधी पोरं आणून सोडायला लागल्या. खोली पुरेना. कुणीतरी सुचवलं, संस्था नोंदवा, छोट्या संस्थांना अनुदान देणारे ट्रस्ट असतात, अर्ज करा. अध्यक्ष कोण व्हायचं यावर बैठकीत बायका एकमेकींकडं बघत होत्या. तुम्हीच म्हणालात, "मी व्हते की. सही झ्याक हाय माझी." सातवीपर्यंत शिकलेल्या तुमची सही खरंच माझ्यापेक्षा चांगली होती. मी सचिव झाले.

आक्का, अर्ज करायचे ते दिवस आठवले की मला आधी हसू येतं. एका ठिकाणी मागच्या तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट मागितला, आणि आपली संस्था जन्मून वर्षही झालं नव्हतं. तुम्ही त्या कागदाकडं बघून म्हणालात, "म्हंजी आधी तीन वर्सं बिनपैशाचं जगून दाखवा, मग पैसे देऊ." तहसील कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याकडं आपण दोघी बाकावर बसायचो. मी सांगायचे, तो बडवायचा, आणि 'वंचित', 'दुर्बल', 'उपेक्षित' असा एकेक शब्द आला की तुम्ही मला कोपरानं ढोसायचात. "ह्यो कोन? आपल्यातला कोन उपेक्षित?" मी म्हणायचे, आक्का, असं लिहावं लागतं. "लिव्ह बाई. पर संगीताला वाचून दावू नको. ती मारंल."

संगीता म्हणजे आपली सगळ्यात जुनी आई. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांड्याला होती, आणि महिन्याची फी द्यायला सगळ्यांत आधी तीच यायची. फीवरून आपलं भांडण कधी मिटलं नाही. मी म्हणायचे, अनुदान मिळालं की फी बंद करू, गरीब बायका आहेत. तुम्ही म्हणायचात, "थोडी का हुईना, घ्यायचीच. फी देत्यात म्हनून त्या दारात हुबं राहून मला इचारत्यात, आक्का, पोराला आज डाळ का न्हाई? फुकाट दिलं तर कोन इचारंल?" मला ते पटायचं नाही. मला वाटायचं, तुम्ही हट्टी आहात.

पहिला ट्रस्ट आपल्याला बघायला आला तेव्हा तुम्ही आठवडाभर तयारी केलीत. सुट्टीच्या दिवशी आयांनी मिळून खोलीला पिवळा रंग दिला. जुन्या साड्यांचे पडदे केले. त्या दिवशी पोरं न्हाऊ घालून, पावडर लावून, भांग पाडून बसवली. तुम्ही दारात, कडक इस्त्रीत, छातीशी हात बांधून. पुण्याहून दोन गृहस्थ आले. त्यांनी खोली बघितली, पोरांना गोळ्या दिल्या, तुमचा चहा घेतला. जाताना एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "छान चाललंय तुमचं. आम्ही जरा जास्त गरज असेल तिथं देतो."

मी दारातच रडायला लागले. तुम्ही कप विसळत होतात. "आपुन चांगलं केलं म्हनून न्हाई दिलं व्हय?" एवढंच विचारलंत. तुम्ही कप पुसून उपडे घातलेत.

ते वर्ष फार वाईट गेलं. पावसाळ्यात पत्रा गळायला लागला, खोलीच्या मालकानं भाडं वाढवलं, आणि आपण नवी पोरं घेणं बंद केलं. यार्डातल्या दोन बायका परत तान्ह्यांना घेऊन ढिगाजवळ बसायला लागल्या. तुम्ही दुपारी तिकडं एक चक्कर मारून यायचात आणि आल्यावर कुणाशी बोलायचा नाहीत.

तेव्हाच पुण्याचे ते सर भेटले, संस्थांना अर्ज लिहून देणारे. माणूस वाईट नव्हता. आपल्या खोलीत बसून आपलाच चहा पीत त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दुसरा एक मोठा ट्रस्ट आहे, छोटी अनुदानं देतो, अर्ज मी बसवून देतो. फी घेतो ही ओळ काढा. पडदे काढा. आणि भेटीच्या दिवशी पोरांना जरा साधं ठेवा. "साधं म्हंजी?" तुम्ही विचारलंत. ते जरा घुटमळले. "म्हणजे आंघोळ-बिंघोळ नको. एखाद-दुसरं उघडं असलं तरी चालेल. ते फोटो घेतात. फोटोत गरज दिसायला लागते."

मी जमिनीकडं बघत होते. तुम्ही उठलात आणि त्यांच्या कपात अजून चहा ओतलात. ते गेल्यावर मी विचारलं, आक्का, काय करायचं? तुम्ही म्हणालात, "लिव्ह तू अर्ज. पडदं मी काढते." फीची ओळ मी काढली. तुम्ही सही केलीत. पोरांचं काय, हे तुम्ही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. मला वाटलं, त्या दिवशी जे होईल ते होईल.

भेटीच्या दिवशी मी आले तर पोरं नेहमीसारखी चकचकीत होती. उलट जास्तच. काजळ, टिकल्या, धुतलेले झबले. मी मनात म्हटलं, गेलं हेही अनुदान. आणि तुम्ही कुठं दिसेनात. मग भिंतीशी बघितलं तर तुम्ही खाली बसल्या होतात. कांदा निवडायला जायचात तेव्हाची ती जुनी साडी, पदराला ठिगळ, सालपटांचे डाग न निघालेली. केस न विंचरलेले. मी इतक्या वर्षांत तुम्हाला तसं पाहिलं नव्हतं. मला वाटलं तुम्हाला बरं नाही. विचारायला वाकले तोवर गाडी दारात आली.

एक मध्यमवयाच्या बाई, एक फोटोग्राफर. बाई मवाळ होत्या, आवाज हळू. मी ओळख करून दिली, मी सचिव. मला त्यांनी लगेच खुर्ची घ्यायला लावली. माझं आडनाव, माझं बोलणं, माझ्या गळ्यातलं, सगळं बघून कुणी मला कधी उभं ठेवलं नाही. "आणि अध्यक्ष?" त्यांनी विचारलं. मी तुमच्याकडं वळले. तोंड उघडलं. माझ्याआधी तुम्हीच खालून म्हणालात, "अध्यक्ष दौंडला गेल्यात, बाई."

आक्का, मी का नाही बोलले? एक वाक्य होतं. ह्याच अध्यक्ष आहेत, एवढंच. बाई खाली तुमच्याजवळ बसल्या. तुम्ही कोण, कुठल्या, नवरा काय करत होता, कधी गेला, घरात कोण. तुम्ही सगळ्याची खाली मान घालून उत्तरं दिलीत. खोटं फार बोलला नाहीत. प्रकाशला रेल्वेत नोकरी आहे एवढंच गाळलंत. "ह्यांचा लई आधार हाय," माझ्याकडं हात करून म्हणालात. बाईंचे डोळे भरून आले. फोटोग्राफरनं तुम्हाला दारातल्या उजेडात बसवलं. पदर जरा पुढं घ्या, म्हणाला. तुम्ही घेतलात. ठिगळ दिसेल असा घेतलात.

पोरांचा एकही फोटो त्यानं काढला नाही. त्याला हवा होता तो मिळाला होता.

गाडी गेल्यावर तुम्ही न्हाणीत जाऊन साडी बदललीत, केस विंचरलेत आणि पोरांना खिचडी वाढायला बसलात. मी वाट बघत होते की तुम्ही काहीतरी बोलाल, निदान मला शिवी द्याल. तुम्ही म्हणालात, "मीठ कमी पडलंय. बघ गं."

अनुदान मिळालं. पत्रा बदलला, दुसरी खोली घेतली, यार्डातली ती दोन्ही तान्ही आपल्याकडं आली. आणि ट्रस्टचा अहवाल आला, त्यात तुमचा तो पानभर फोटो. खाली छापलं होतं की ही एक निराधार दलित विधवा, संस्थेच्या मदतीनं हिचं आयुष्य सावरलं. मला तो लपवायचा होता, पण टपाल तुम्हीच घेतलं होतं. एकेक शब्दावर बोट ठेवून तुम्ही ते मोठ्यांदा वाचलंत. 'निराधार'वर जरा थांबलात. मग म्हणालात, "फोटू झ्याक आलाय की," आणि अहवाल माझ्या हातात दिलात.

मला वाटलं तिथं संपलं. पण तो फोटो छापला गेला आणि तुमची वाट बंद झाली. ट्रस्टच्या वार्षिक कार्यक्रमाला अध्यक्षांनी यायचं असायचं, आणि तुमचा चेहरा आता तिथं सगळ्यांना लाभार्थी म्हणून माहीत होता. दर वर्षी मी एकटी पुण्याला जायचे. अध्यक्षांची तब्येत बरी नाही, अध्यक्ष दौंडला असतात. शाल मला, नारळ मला. स्टेजवर कुणीतरी माझ्या त्यागाबद्दल बोलायचं आणि मी हात जोडून उभी राहायचे. परत आले की शाल तुमच्या पुढ्यात ठेवायचे. तुम्ही ती उचलून एखाद्या बाळंतिणीला देऊन टाकायचात. वर्षातून एकदा बाई भेटीला आल्या की तुम्ही परत भिंतीशी खाली बसायचात, तीच साडी नेसून. ती साडी तुम्ही धुवून, घडी करून, त्या एका दिवसासाठी ठेवलेली होती.

मला कुणी कधी फाटकं नेसायला सांगितलं नाही, आक्का. सांगितलं असतं तरी माझ्या अंगावर ते कुणाला खरं वाटलं नसतं. तुमच्या अंगावर त्यांना ते एका नजरेत खरं वाटलं. याची लाज मी कुठं ठेवू, हे मला अजून कळलेलं नाही.

मी मनाशी एक समजूत करून घेतली होती. पहिल्या नकारानंतर तुम्ही आतून मोडलात, आणि त्या बाईंनी अध्यक्ष कोण विचारल्यावर तुम्हाला आपलं नाव घ्यायचं बळ राहिलं नाही. मी तेव्हा बोलले असते तर तुम्ही परत उभ्या राहिला असतात. या समजुतीसकट मी तुमच्याबरोबर काम केलं, डबे खाल्ले, दौंडला प्रकाशच्या लग्नात मिरवले. पुढं ट्रस्टचं धोरण बदललं, त्यांना संगणक हवे होते, पोरं नको होती. अनुदान थांबलं. पाळणाघर थांबलं नाही, कारण फी चालू होती. तुमचा हट्ट. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की तुमचं बरोबर होतं. तेही राहिलं.

शेवटच्या वर्षी हृदयाचं दुखणं निघालं आणि प्रकाश तुम्हाला दौंडला घेऊन गेला. मी न्हावऱ्यावरून एसटीनं यायचे. तुम्ही खाटेवर, पण साडी कडक. सूनबाई इस्त्री करते म्हणून कौतुक सांगायचात. एकदा मी धीर करून म्हटलं, आक्का, तो फोटो. तुम्ही लगेच म्हणालात, "नव्या खोलीची मोरी तुंबते का गं आजून?" मी म्हटलं, तुंबते. मग मोरीबद्दलच बोलत राहिलो.

परवा मांडवात भंतेजींची वंदना झाल्यावर लोक बोलायला उठले. समाजसेविका, त्यागमूर्ती, माउली. मलाही बोलवलं. मी माईक धरला आणि म्हणाले, आक्का आमच्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. पुढं काही येईना. आजवर कुठल्याही स्टेजवर मी हे वाक्य म्हटलं नव्हतं. मी खाली येऊन बसले.

मग संगीता उठली. आपल्या पाळणाघरात वाढलेला तिचा मुलगा आता रांजणगावलाच कामाला आहे. तिनं माईक घेतला नाही, जागेवरूनच बोलली. "आमी फी देत व्हतो," म्हणाली. "आक्कांनी आमाला कवा गरीब म्हनलं न्हाई. ती फोटूवाली बाई येनार व्हती, तवा आक्का आधी आमच्या घरोघर आल्या. म्हनल्या, त्यास्नी गरीब बघायचंय, तर मी बसते गरीब हून. तुमी पोरं न्हाऊन-माखून आना, काजळ लावून आना. माझं पोरगं उगडं फोटूत न्हाई गेलं. एकाचंबी न्हाई गेलं."

माझ्या शेजारी बसलेली बाई डोळे पुसत होती. मी पुसलेही नाहीत.

पंगत उठल्यावर मी संगीताला नळापाशी गाठलं. म्हटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?

"सगळ्यांस्नी. आमी इतक्या जनी व्हतो, एकीच्याबी तोंडातनं गेलं न्हाई."

मग मला का नाही सांगितलं?

ती हात धूत होती. धुवून झाल्यावर पदराला पुसले आणि म्हणाली, "आक्काच म्हनल्या. मंदाबाईला सांगू नगा. तिला लाज वाटंल आन् मग तिच्या हातनं लिव्हनं हुयाचं न्हाई. तिला पुढचा अर्ज लिव्हायचाय."

पुढचा अर्ज मी लिहिला, आक्का. त्याच्या पुढचाही. लाज तर मला पहिल्या दिवसापासून वाटत होती. तुम्हाला दिसू नये म्हणून मी मान वर न करता भराभर लिहायचे, आणि तुम्ही चहा घेऊन यायचात, खांद्यावरून वाकून बघायचात, आणि म्हणायचात, चाललंय न्हवं नीट? मी म्हणायचे, चाललंय. तुम्ही समाधानानं परत पोरांकडं जायचात.